सदतिसावा संदर्भ

मी सदतिसावा संदर्भ बोलतोय. पान तीनशे अठरा, वरून चौथा. तिथपर्यंत कोणी येत नाही, हे मला माहीत आहे. लोक प्रस्तावना वाचतात, आभार वाचतात, आभारात आपलं नाव आहे का ते दोनदा बघतात आणि प्रबंध मिटतात. संदर्भसूची शेवटी असते. आम्ही मागच्या बाकावरचे. पण आज ऐकावं लागेल. थोडक्यात सांगतो. मला जास्त बोलायची सवय नाही आणि जागाही नाही. सगळ्या आयुष्याला अडीच ओळी मिळाल्या होत्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, मागाहून तक्रार नको. माझं पुस्तक नाही. म्हणजे हरवलं नाही, वाळवीने खाल्लं नाही, कोणी वाचायला नेऊन बुडवलंही नाही. ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. तरी माझी मान ताठ आहे. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म कॉलेजच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत झाला. खोलीला एक खिडकी. खिडकीपाशी दोन संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून प्रबंधांच्या थप्प्या. वरून कोणी जिना उतरलं की टेबलावरची पेन्सिल हलायची. ही खोली जुळाऱ्याची. तरुणपणी तो शिशाची अक्षरं हाताने जुळवायचा, म्हणून सगळे त्याला जुळारी म्हणत. शिशाची अक्षरं गेली, नाव राहिलं. पुढे सुनेने त्याला संगणकावर मजकूर लावायला शिकवलं. आठवी शिकलेला माणूस साठीच्या पुढे नवं शिकला, पण सुनेला शाबासकी दिली नाही. "बरं शिकवतेस," एवढंच म्हणाला. ती ते अजून सगळ्यांना सांगते.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्रत्येक संदर्भाची एका फाइलीत नोंद असते. लेखकाचा रकाना, पुस्तकाच्या नावाचा, प्रकाशकाचा, सालाचा, पानाचा. शिवाय प्रत्येकाला एक हाकेचं नाव असतं. मजकुरात जिथे दाखला हवा तिथे फक्त ते हाकेचं नाव टाकायचं आणि मजकूर संगणकातून तीनदा फिरवायचा. पहिल्या फेरीत संगणक कोणाकोणाला हाक आली त्याची यादी करतो. दुसऱ्या फेरीत त्यांना उठवून अकारविल्हे रांगेत उभं करतो. तिसऱ्या फेरीत ज्याचा त्याचा आकडा मजकुरात नेऊन बसवतो. लेखक उभ्या अक्षरांत, पुस्तक तिरप्या अक्षरांत, दुसरी ओळ थोडी आत. ज्याला हाक नाही तो छापला जात नाही. माझ्या ओळखीचे काही जाडजूड ग्रंथ असे वर्षानुवर्षं फाइलीत पडून आहेत. घोरतातसुद्धा.

आणि हाक मारली पण त्या नावाची नोंदच नसली, तर संगणक त्या जागी प्रश्नचिन्ह छापतो. चौकटी कंसात, ठसठशीत.

जुळाऱ्याला ते प्रश्नचिन्ह खपत नसे. "पानावर प्रश्नचिन्ह म्हणजे नव्या सदऱ्याला भोक," तो म्हणायचा. चाळीस वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या एकाही प्रबंधाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. हे तो कोणाला सांगत नसे. पण गिऱ्हाइकाने विचारावं म्हणून वाट बघत असे.

त्याच्याकडे एक बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. अकरा वर्षं जुन्या दगडी पुलांवर प्रबंध लिहीत होत्या. शाळा सुटली की पूल, सुट्टी लागली की पूल. त्यांचे संदर्भ पिशवीतून यायचे. वहीची फाटकी पानं, पाकिटांच्या पाठी, औषधाच्या चिठ्ठ्या.

"बाई, हे काय लिहिलंय? 'निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक'?"

"हो काका. चांगलं पुस्तक आहे ते. मागे लेखकाचा फोटो होता. टक्कल आहे त्यांना."

"टकलाचा रकाना नाही यात."

"नाव शोधून देते मी."

"कधी?"

"उद्या देते."

बाईंचा उद्या साधारण तीन आठवड्यांनी यायचा. त्या गेल्या की सून म्हणायची, "बाबा, किती टाकून बोलता. शाळा, घर, सासूबाईंचं दुखणं, सगळं सांभाळून करतायत हो त्या."

"त्यांच्या कष्टाबद्दल मी कुठे बोललो? मी रकान्याबद्दल बोललो."

पण त्याला बाई आवडायच्या. नाहीतर गिऱ्हाइकाला खिडकीपाशी बसवून चहा पाजणारा तो माणूस नव्हे. चहा निवेपर्यंत दोघं पुलांवर बोलायचे. जुळाऱ्याचे वडील गवंडी होते. त्यांना थोरले मिस्त्री म्हणत. त्यांनी पूल बांधले होते, काही पाडलेही होते. लिहायला मात्र येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा.

एके दुपारी जुळारी बाईंचं पाचवं प्रकरण लावत होता. एक वाक्य आलं: 'कमान पूर्ण झाल्यावर खालच्या लाकडी साच्याच्या पाचरी एकदम काढत नसत, रोज थोड्या थोड्या सैल करत, म्हणजे कमान आपलं वजन आपण घ्यायला शिके.' पुढे बाईंच्या अक्षरात कंस: 'संदर्भ नंतर देते.'

त्याने वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"सूनबाई, हे बरोबर लिहिलंय बाईंनी. थोरले अगदी हेच म्हणायचे."

"मग? संदर्भ दिलाय का?"

"नंतर देते म्हणतायत."

"म्हणजे बाईंच्या उद्याला," सून म्हणाली आणि हसली.

अशा वेळी त्याची एक पद्धत होती. प्रश्नचिन्ह नको म्हणून तो त्या जागी एक बदली संदर्भ उभा करायचा. बदली शिक्षक असतो तसा. खरा आला की याने निघायचं. एरवी तो बदलीच्या नोंदीत काहीही टाकायचा. लेखक अमुक, पुस्तक तमुक. पण त्या दिवशी त्याला लांब नाव हवं होतं. दुसरी ओळ नीट आत जाते का, ते बघायचं होतं. तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मग दोन बोटांनी टंकू लागला.

लेखक: थोरले मिस्त्री. पुस्तक: कमान का पडत नाही: एका गवंड्याने पाहिलेले, बांधलेले आणि पाडलेले पूल. प्रकाशक: लेखक स्वतः. साल: थोरले गेले ते. पान: एक्केचाळीस. हाकेचं नाव: वडील.

त्याने तीनदा फिरवलं आणि मी उमटलो.

स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं नव्हे, पण मी देखणा होतो. नाव उभं, पुस्तक तिरपं, दुसरी आणि तिसरी ओळ बरोबर एका रेषेत आत. शेजारचे छत्तीस आणि अडतीस माझ्यापुढे कामकरी दिसत होते.

"ये गं, बघ जरा."

सून आली. "छान बसलंय. कोणाचं पुस्तक आहे?"

"कोणाचं नाही. बदली आहे. बाईंचा खरा संदर्भ आला की काढायचा."

"कुठेतरी लिहून ठेवा, बाबा."

"माझ्या लक्षात आहे."

त्याचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर फार विश्वास. पुढे बाईंच्या पिशव्या येत राहिल्या. टकलाच्या लेखकाचं नावसुद्धा सापडलं. माझ्या जागेचा खरा संदर्भ तेवढा आला नाही. प्रश्नचिन्ह असतं तर शेवटच्या वाचनात त्याने बोंब ठोकली असती. मी गुपचूप उभा राहिलो, ओळ सांभाळून. नीटनेटक्या कपड्यातल्या माणसाला दारात कोण अडवतो? प्रबंध छापला गेला. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. मी पाचही ठिकाणी होतो.

पुढचं दीड वर्ष प्रबंध परीक्षकांच्या घरी आणि ग्रंथालयात पडून होता. ते माझं वैभवाचं दीड वर्ष. हे मला नंतर परीक्षकांच्या तोंडून कळलं. ग्रंथालयात येणारे काही जण प्रबंध वाचत नाहीत, सूची उतरवून घेतात. मला तिघांनी उचललं. एका प्राध्यापकाने लिहिलं, 'थोरले मिस्त्री यांनी या ग्रंथात अत्यंत मोलाची चर्चा केली आहे.' दुसऱ्याने लिहिलं, 'मिस्त्रींच्या या मताशी आम्ही सहमत नाही.' तिसऱ्याने तर माझी 'दुसरी, सुधारित आवृत्ती' वापरली. पहिली निघाली नव्हती. सुधारणा कोणी केली, तोच जाणे.

आणि मग पत्र आलं.

बाई मधल्या सुट्टीत धावत आल्या. बोटांना खडू, हातात पत्र. तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. परीक्षकांनी खाली लिहिलं होतं: 'संदर्भ क्रमांक सदतीस कोठेही उपलब्ध झाला नाही. तोंडी परीक्षेस येताना मूळ पुस्तक आणावे. संदर्भ बनावट आढळल्यास प्रबंध नाकारण्यात येईल.'

"काका, हे कोणाचं पुस्तक? मी तर कधी बघितलं नाही."

जुळाऱ्याने चष्मा लावला. पान तीनशे अठरा काढलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्याचं बोट माझ्यावर थांबलं ते उचललंच जाईना.

"बसा, बाई."

"बसायला वेळ नाही हो, पाचवा तास आहे."

"बसा म्हणतो ना."

त्याने सांगितलं. चार वाक्यांत. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अकरा वर्षं, काका," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझंही चुकलंच. संदर्भ मीच द्यायला हवा होता. पण ते वाक्य कुठे वाचलं तेच आठवेना. सगळी पुस्तकं पुन्हा चाळली. आज आठवेल, उद्या आठवेल, करत राहिले."

सून पुढे आली. हलक्या आवाजात बोलली.

"बाबा, आठ दिवस आहेत. ऐंशी पानी पुस्तक आपण चार दिवसांत लावू. पिवळट कागदाचं बंडल पडलंय वर. जुन्या वळणाची अक्षरंही आहेत. थोरल्यांच्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत. तुम्ही सांगा, मी टंकते. एक प्रत काढायची. बाइंडर आपलाच आहे."

मी ऐकलं आणि माझ्या अडीच ओळी थरथरल्या. मला अंग मिळणार होतं. पानं, पुठ्ठा, पाठीवर नाव. एक्केचाळिसावं पान खरंच असणार होतं. त्या तीन प्राध्यापकांना मी डोळे वर करून विचारणार होतो, बोला आता.

जुळाऱ्यालाही मोह झाला. मला कळतं, त्याच्याच बोटांतून उतरलोय मी. बापाचं नाव पुस्तकाच्या पाठीवर कोणाला नको असतं?

"थोरल्यांनी जन्मात एक दगड खोटा बसवला नाही," तो म्हणाला. "त्यांच्या नावावर खोटं पुस्तक लावू?"

"मग बाईंनी काय करायचं?"

"गुरुवारी मी येतो."

"काका, तिथे बाहेरच्यांना बोलू देत नाहीत."

"बसू देतात. तोंडी परीक्षा उघडी असते. मी आठवी शिकलोय, पण नियम वाचता येतात. आणि बोलायचं झालं तर मला कोण अडवतो बघू."

बाई उठल्या. दारातून मागे वळून म्हणाल्या, "सदरा इस्त्रीचा घाला." तेव्हा मला वाटलं, या बाई टिकतील.

गुरुवारी मी टेबलावर उघडा होतो. पान तीनशे अठरा, वर काचेचं पेपरवेट. खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग, टिकटिकणारं घड्याळ. परीक्षक सडपातळ, वयस्क, डोक्यावर लोकरीची टोपी. जन्मभर पूल बांधलेला इंजिनिअर माणूस. तासभर त्यांनी बाईंना प्रश्न विचारले. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. पूल त्यांना घरच्या माणसांसारखे ठाऊक होते. मग परीक्षकांचं पेन माझ्यावर आलं. त्यांनी ते तीन दाखले वाचून दाखवले, दुसऱ्या सुधारित आवृत्तीसह.

"तिघे याचा आधार घेतात आणि एकाकडेही पुस्तक नाही. तुम्ही आणलंय?"

शेवटच्या रांगेतून जुळारी उठला.

"सदतिसावा माझा आहे. बाईंचा नाही."

"तुम्ही कोण?"

"जुळारी. हा प्रबंध मी लावलाय."

"पुस्तक कुठे आहे?"

"नाही."

"हरवलं?"

"नव्हतंच."

त्याने सगळं सांगितलं. प्रश्नचिन्ह, बदली संदर्भ, स्वतःची स्मरणशक्ती. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. शेवटी म्हणाला, "चूक माझी. बाईंचे बाकीचे एकशे बारा खरे आहेत. एकेक तपासलाय मी. ते टकलाचं पुस्तकसुद्धा."

"कुठलं?"

"निळ्या पुठ्ठ्याचं. क्रमांक चौऱ्याण्णव."

बाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी पानं उलटून चौऱ्याण्णव काढला आणि वाचला. मग सावकाश टोपी काढून टेबलावर ठेवली. वरच्या दिव्याचा उजेड त्यांच्या डोक्यावर पडला.

"हे माझं पुस्तक आहे," ते म्हणाले.

जुळाऱ्याने नीट निरखून बघितलं. "फोटो चांगला आला होता," तो म्हणाला.

कोणीतरी खोकला काढून हसू दाबलं. परीक्षक हसले नाहीत, पण टोपीही परत घातली नाही.

"असो. मला एक सांगा, बाई. हे वाक्य खोटं नाही. साचा असाच उतरवतात, मीही उतरवलाय. पण 'कमान वजन घ्यायला शिकते' हे कुठल्याच पुस्तकात नाही. माझ्याही नाही. तुम्ही वाचलंत कुठे?"

"खरंच आठवत नाही, सर."

हाच तो क्षण. बाईंची अकरा वर्षं त्या टेबलाच्या कडेला येऊन लोंबत होती.

जुळाऱ्याला राहवलं नाही. "थोरले म्हणायचे," असं म्हणत त्याने दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून उभी केली. कमान झाली. आतून दोन्ही अंगठे वर टेकवले. "हा साचा. या पाचरी. घाई करायची नाही. रोज सैल करायची ती नखाएवढी. आज नखाएवढी, उद्या नखाएवढी." अंगठे हळूहळू खाली आले. बोटं तशीच उभी राहिली. "ती आपलं वजन आपण घ्यायला शिकते. मग साचा काढला काय आणि न काढला काय."

"काका, थांबा."

बाई उभ्या राहिल्या होत्या.

"हे तुम्ही मला सांगितलंय. असंच, हातांनी. खिडकीपाशी. चहा निवून गेला होता आणि तुम्ही 'नखाएवढी' म्हणालात. मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. सर, मी हे वाचलंच नव्हतं. ऐकलं होतं. म्हणून एकाही पुस्तकात सापडेना."

जुळारी खुळ्यासारखा बघत राहिला. त्याच्या लक्षात नव्हतं. ज्या स्मरणशक्तीचा एवढा तोरा, तिने त्याला एकाच कामात दोनदा तोंडघशी पाडलं.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे यांनी वडिलांकडून ऐकलं आणि तुम्ही यांच्याकडून."

"हो."

"मग नाव बरोबरच आहे की. पुस्तक तेवढं खोटं." त्यांनी जरा विचार केला. "तोंडी माहितीचाही दाखला देता येतो. रीतसर. कोणी, कोणाला, कुठे सांगितलं ते स्वच्छ लिहा. पाचही प्रतींना शुद्धिपत्र जोडा. ते बघितलं की मी सही करतो."

शुद्धिपत्र. तो शब्द ऐकून जुळाऱ्याचा चेहरा शिशासारखा झाला. चाळीस वर्षं. त्याने बाईंकडे बघितलं.

"जोडतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. सुनेने नोंदीचा प्रकारच बदलला. 'पुस्तक' होतं तिथे 'तोंडी माहिती'. प्रकाशक गेला. साल गेलं. एक्केचाळिसावं पान गेलं. पुस्तकाचं नाव गेलं आणि त्याबरोबर माझी तिरपी अक्षरंही गेली. मला उघडं पडल्यासारखं झालं. दीड वर्ष मी ग्रंथ म्हणून मिरवलो होतो. आता उरलो तो एवढाच: 'थोरले मिस्त्री, गवंडी. कमानीचा साचा उतरवण्याविषयी तोंडी माहिती. मुलाने ऐकली, मुलाकडून लेखिकेने, समक्ष.'

लेखक तोच, म्हणून आकडाही तोच राहिला. सदतीस.

जुळाऱ्याने शुद्धिपत्र स्वतः लावलं. लावून तीनदा फिरवलं.

"बाबा, चार ओळींचा कागद आहे. तीनदा कशाला फिरवताय?"

"शुद्धिपत्र आहे म्हणून काय वाकडं लावायचं?"

पाचही प्रतींत त्याने ते आपल्या हाताने चिकटवलं. कडा अंगठ्याने दाबल्या. एकही सुरकुती नाही. मग सुनेला म्हणाला, "बघ, नीट बसलंय का." सुनेने बघितलं आणि म्हणाली, "बरं लावता."

परीक्षकांनी सही केली. बाई आता डॉक्टर आहेत, पण शाळेत मुलं त्यांना अजून बाईच म्हणतात. परवा त्या आल्या, खिडकीपाशी बसल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "काका, थोरले अजून काय काय म्हणायचे?"

"मला वेळ नाही," जुळारी म्हणाला. आणि सुनेला म्हणाला, "दोन कप ठेव."

या खेपेस बाईंनी वहीच्या माथ्यावर आधी तारीख घातली आणि कोण सांगतंय ते लिहिलं.

माझं म्हणाल तर मी बरा आहे. दीड ओळीत राहतो. डिंकाचा वास अजून येतो. फाइलीत माझं हाकेचं नाव 'वडील' होतं, ते जुळाऱ्याने बदललं नाही.

एक काम मात्र राहिलं आहे आणि ते तुम्हालाच करावं लागेल. त्या तीन प्राध्यापकांच्या लेखांत मी अजून तिरपा उभा आहे, एके ठिकाणी सुधारित आवृत्ती होऊन. तिथे दिसलो तर मान देऊ नका. खोडा. ती माझी तोतयेगिरी आहे, मला तिची लाज वाटते. थोरल्यांचं म्हणणं हवंच असेल तर जिन्याखालच्या खोलीत या. जुळारी असतो. आधी नाही म्हणेल, मग चहा सांगेल आणि चहा निवेपर्यंत बोलेल. वही आणा. आणि कोणी सांगितलं ते तिथेच बसून लिहा. उद्या देते म्हणू नका.